तीन महिन्याची सुई

बार्शीकडचं एक गाव
५ फेब्रुवारी २०२६

मोहिनी हिस,

नवऱ्यानं बायकोला पत्रात नमस्कार लिहायचा का आशीर्वाद, मला ठावं न्हाई. शाळेत पत्रलेखन शिकवीत हुते तवा मी भिंतीवरून उडी टाकून तळ्यावर गेलतो. माझी शाळा तिथंच बुडाली. चूकभूल पोटात घाल.

फोनच केला असता. पण घरात फोन एक, तो आईच्या कमरंला, आन् आई अंगणात बसून स्पीकरवर लावती. आख्खी गल्ली ऐकती. हे गल्लीनं ऐकायचं न्हाई. आईला वाचता येत न्हाई तेवढं बरंय.

इथं महादेवाच्या जत्रंत आकाशपाळणा उभा केलाय. काल लई मजा झाली. इथला सरपंच म्हणजे नुसता हत्ती. बायकोसंगं डब्यात बसला आन् पाळणा त्याच्या बाजूनं जो खाली आला, तो हलंना. विजयसिंह, म्हणजे आमचा मालक, मला म्हणला, "हन्या, समोरच्या डब्यात वाळूची पोती टाक बे." सरपंच वर, पोती खाली, पोती वर, सरपंच खाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आता मला लिव्हरवर ठिवलंय. विजयसिंहनं एकच कायदा शिकवला. बायका वरडल्या की जोर वाढव. वरडतात म्हणजे मजा येतीय. गप बसल्या तर त्या काय परत येत न्हाईत.

कुठं हुतो मी? हां.

लिंबागणेशच्या जत्रंवरून मी आठवड्याची सुट्टी काढून घरी आलतो आन् मधीच निघालो. आईला सांगितलं मालकाचा फोन आला. फोन बिन काय आला न्हवता. तुला जवळ घेतलं की तू दात खाऊन पत्र्याकडं बघत ऱ्हायचीस. दिवाळीलाबी तसंच. आंग नुसतं लाकूड. मी थांबलो की म्हणायचीस, "थांबला कावून? करा ना." पोतं उचला म्हणल्यासारखं. मला माझीच किळस आली. मी काय जनावर हाय का?

लग्नानंतर चैत-वैशाखात अशी न्हवतीस तू. मी आवडंना झालो का? तेवढं लिही.

पुढचा पत्ता: मढी, कानिफनाथाची जत्रा, शौकतभाईचं चहाचं हाटेल, पाळण्याजवळ.

हनुमान


ता. पाटोदा
२० फेब्रुवारी

अहो,

पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. आई विचारत होत्या, कुणाचं? म्हटलं पोलीस भरतीचं.

तुमच्या मनात नको ते येतं. तेव्हा थंडी होती. त्यात पहाटे ग्राउंड, पळून पळून मांड्या भरलेल्या. म्हणून अंग आखडलं असेल. दुसरं काही नाही.

सरपंचाचं वाचून मी चुलीपुढे एकटीच हसले. आई म्हणाल्या, भरतीच्या कागदात हसण्यासारखं काय असतं?

आठशे मीटरला माझा वेळ सुधारलाय. गोळा अजून कच्चा आहे. अकॅडमीचे सर म्हणतात, खांद्यातून फेक, मनगटातून नको. काल आशाताई आल्या होत्या, तीन महिन्याची सुई परत घेतली. पहिल्या सुईला तुम्हीच गाडीवर नेलं होतं, आठवतं? मी भीत होते, तर म्हणाला, "आधी वर्दी, मग लेकरू. तोवर पाळणा मी एकटाच फिरवतो." नर्सबाईसुद्धा हसल्या होत्या. असा नवरा कुणाला मिळतो, असं मी तेव्हा माहेरी, तलवाड्याला, माझ्या आईला फोन करून सांगितलं होतं.

जेवत जा. गुटखा सोडलाय म्हणाला होता, सोडलेलाच ठेवा.

तुमची,
मोहिनी


मढी
१० मार्च

मोहिनी,

पत्र पावलं. शौकतभाईनं चहाच्या पत्तीच्या डब्यात जपून ठिवलतं, अजून वास येतोय.

हितं गाढवांचा बाजार भरतो, तुला म्हाईत हाय का? लांब लांबचे लोक येतात. एक गाढव मला लई आवडलं, पांढऱ्या तोंडाचं. मालक दात दावतो, पाय उचलून दावतो, आन् गाढव आपलं शांत, जसं काय दुसऱ्याचाच सौदा चाललाय. मी सकाळची सगळी वेळ तिथंच घातली. विजयसिंहनं शिव्या घातल्या.

थंडी म्हणलीस. दिवाळीला कुठली थंडी हुती?

मी विजयसिंहला इचारलं. तुझं नाव न्हाई काढलं, एका दोस्ताची गोष्ट म्हणून. तो म्हणला, "बाईचं आंग कोरडं ऱ्हायलं तर समजून जायचं, मन दुसऱ्या रानात गेलंय." बाकीच्यांनी माना हलवल्या. ह्याला चार जत्रंत चार बायकांचा अनुभव, म्हणजे त्यो तसं म्हणतो.

म्हणून इचारतो. राग धरू नको. तुझ्या मनात दुसरा कोण हाय का? त्यो शिट्टीवाला सर? पत्रात दोनदा त्याचं नाव काढतीस. असला तर सांग. मी मारणार न्हाई, भांडणार न्हाई. पाळण्यासंगं निघून जाईन. मला निघून जायाला चांगलं येतं.

पुढचा पत्ता: येरमाळा, देवीची जत्रा, नारळवाल्या रांगंतलं पयलं दुकान.

हनुमान


ता. पाटोदा
२५ मार्च

अहो,

दोनदा नाही, एकदाच काढलं होतं. आता दुसऱ्यांदा काढते. सरांचे गुडघे गेलेत, ते खुर्चीवर बसून शिट्टी वाजवतात आणि त्यांची नात आमच्याबरोबर पळते.

तुमचं पत्र वाचून मी रागानं चुलीत घालणार होते. मग वाटलं, मीच खोटं बोलले, तर तुम्ही दुसरं काय समजणार? आता खरं लिहिते. तोंडानं मला हे कधीच बोलता आलं नसतं.

मला दुखतं. खूप दुखतं. वाळूच्या कागदानं घासावं तशी आग होते. दुसऱ्या दिवशी लघवीला बसलं की डोळ्यात पाणी येतं. आत ओल अशी राहिलीच नाही. आणि मन दुसरीकडे असतं म्हणून नाही हो. दिवाळीला तुमच्या गाडीचा आवाज आला तेव्हा मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून दारात आले होते, ती जळली, आठवा. मला तुम्ही हवे होता. अंगाला ते कळतच नव्हतं. मन एक बोलायचं, अंग दुसरंच.

दात खात होते ते ओरडू नये म्हणून. पलीकडे आई झोपलेल्या. आणि "करा ना" म्हणायचे ते एवढ्यासाठी की तुम्ही नाराज होऊन लवकर जाऊ नये. तरी गेलातच.

खोबरेल तेल लावून बघितलं. आईंनी बाटली उशाखाली बघितली, तेव्हापासून माझ्यावरून लिंबू उतरवतात. म्हणतात, ग्राउंडवर पहाटेची पळते, काहीतरी लागलंय.

मला काय झालंय? मी संसाराच्या लायक राहिले नाही का? वयाच्या बाविसाव्या वर्षी असं होतं का? कुणाला विचारू?

हे कुणाजवळ बोलू नका. तुम्हाला सांगितलं तेवढं बास आहे मला.

मोहिनी


येरमाळा
६ एप्रिल

मोहिनी,

तुझं पत्र वाचताना मी लिव्हर सोडून खाली बसलो. पाळणा तसाच फिरत ऱ्हायला. लोक वरून शिव्या द्यायले, मला ऐकूच येईना. विजयसिंह पळत आला.

तू एवढं दुखणं गिळलंस आन् मी पलीकडं तोंड करून रुसून झोपायचो. मला एकदा म्हणली असतीस, दुखतंय. मी हात बी लावला नसता. नुसतं बसलो असतो तुझ्याजवळ. मला तुझ्या केसातला घामाचा वास आवडतो, ग्राउंडवरून आल्यावरचा, तू आंघोळीला पळायचीस म्हणून मी दारात आडवा उभा ऱ्हायचो. तेवढं बास हुतं.

लायक न्हाई म्हणे. पोलीस हुणारी बाई असं बोलती व्हय? डाक्टरनीला दाखव. बीडला जा, मी मालकाकडून उचल घेऊन पाठवतो.

हितं एका वाघ्याजवळ माकड हाय, ते पिपाणी वाजवतं. तुला दाखवलं असतं.

आन् आजून एक. मढीहून तुला लिहायच्या आधीच मी आसारामला फोन केलता. तुझं खरं पत्र यायच्या आधी, ध्यानात घे. चुलतभाऊच हाय, दुसरा कोण? म्हणलं अकॅडमीकडं जरा ध्यान ठिव, सर कसा हाय बघ. कावून म्हणला, मग सांगावं लागलं, की घरात असं असं हाय, वैनीचं मन लागंना, आंग कोरडं. त्यो म्हणला, भाऊ, माझ्या पोटात ऱ्हाईल. आता त्याला सांगतो, गैरसमज झालता. तू मनावर घेऊ नको.

पुढचा पत्ता: पुरुषोत्तमपुरी, पाळण्याजवळ. अधिक महिना हाय, तवा पाळणा पुरुषोत्तमपुरीला लागंल.

तुझाच,
हनुमान


तलवाडा
५ मे

अहो,

मी माहेरी आहे हे तुम्हाला आईंनी कळवलं असेल. कसं आणलं, ते कळवलं नसेल.

आसाराम भाऊजींच्या पोटात ते पंधरा-वीस दिवस राहिलं. मग अकॅडमीच्या फाटकात ते आणि त्यांचे दोन दोस्त मोबाईल धरून उभे राहायला लागले. मी गोळा फेकला की व्हिडिओ. सर जवळ येऊन पाय कुठं ठेव सांगायला लागले की व्हिडिओ. एक दिवस हापशावर मी घागर लावली तर मागून एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "कोरडी आली बघ." बायका हसल्या. माझ्या अंगाचं नाव गावात पडलं. तुम्हाला ते लिहायला मला आठ महिन्यांचा जीव गोळा करावा लागला, आणि हापशावरच्या पोराला ते फुकटात कळलं होतं.

सर म्हणाले, "बाळा, तुझी चूक नाही. पण तीस पोरींच्या बापांना मला तोंड द्यायचंय." नाव काढलं. आईंनी माझी पिशवी ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, हनुमानाला विचारून मग आत ये. तुमचा फोन तीन दिवस लागत नव्हता. जत्रा हलत असेल. मग अण्णा येऊन घेऊन गेले. बसमध्ये माझे वडील, कुणासमोर न वाकणारे बबनराव, खिडकीकडे तोंड करून बसले होते.

माझ्या आईला मी सगळं सांगितलं. तिनं मला बीडला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, जंतू-बिंतू काही नाही म्हणाल्या. मग विचारलं, "काही गोळ्या, सुई?" मी म्हटलं, तीन महिन्याची सुई. केव्हापासून? श्रावणापासून. आणि हा त्रास? तोही तेव्हापासूनच. मला बोटावर मोजायचीही गरज पडली नाही.

त्या म्हणाल्या, सुई वाईट नाही, पुष्कळजणींना काही होत नाही. पण तिच्यामुळं बाईच्या अंगातलं एक हार्मोन कमी होऊ शकतं, मग एखादीला खाली कोरडेपणा येतो. तुला आला. यात मनाचा संबंध नाही, चालीचा नाही, भुताचा तर नाहीच. पाण्यावर बनवलेली जेली मिळते, ती लावायची. निरोध वापरणार असाल तर खोबरेल लावायचं नाही, फाटतो. सुई बदलून तांबी बसवता येते, तिच्यात हार्मोन नसतं. सुई सोडली तरी अंग पूर्वीसारखं व्हायला काही महिने लागतील. "आणि तोवर दुखलं तर नाही म्हणायचं. दात खायचे नाहीत." मी काही न सांगता त्यांना दात कसे कळले, कोण जाणे. जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये.

एवढंच होतं हो. एक जेली आणि एक बोलणं. एवढंच.

आई धोंड्याच्या जेवणाची तयारी करतेय. अनारशाचे तांदूळ भिजत घालायचं कधी, म्हणून रोज विचारते. अधिकात जावई आला नाही तर लोकांना उरलेलं सगळं कळतं, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही येणार का, असं आई विचारते.

मी विचारत नाही.

मोहिनी


पुरुषोत्तमपुरी
१९ मे

मोहिनी,

येणार म्हणजे? पळत येणार! तलवाडा हितनं कितीसं लांब हाय? एकादशीला येतो. विजयसिंहला सांगून ठिवलंय.

हितं गोदावरीला चिक्कार माणूस हाय. तीन वर्षांनी एकदा भरती जत्रा, मग काय. जावई नवे कपडे घालून सासऱ्यासंगं फिरायले. मी वरून बघतो, एकेकाचं तोंड असं, जसं काय त्यालाच मुकुट घातलाय. मला हसू यायलं. आता माझी बारी.

ती जेली आणली. माजलगावला तीन मेडिकलापुढून चकरा मारल्या. जिथं पोरगी उभी तिथं जाववंना, जिथं म्हातारा उभा तिथं तर त्याहून न्हाई. शेवटी गेलो. म्हणलं, "ते घसरणारं मलम हाय का, पाण्यावरचं." त्यो म्हणला, "कशाला पायजे?" मी म्हणलं, "पाळण्याच्या बेरिंगला." त्यानं मला खालीवर बघितलं. मग कागदात गुंडाळून हातात ठिवली आन् हळूच म्हणला, "बेरिंगला लावताना घाई करू नका." मी तिथून जो सुटलो. नळी आता पँटीच्या खिशात हाय, उठता बसता हात लावून बघतो.

आसारामला फोनवर लई घातल्या. गावात येऊन त्याच्या कानाखाली जाळ काढतो. लोकांचं काय, चार दिस बोलतात. झालं गेलं गोदेत सोडू. तांबी बसव, न्हाईतर मी निरोध वापरतो, जे तू म्हणशील ते. हातबी तू सांगशील तवाच लावीन.

आत्याबाईंना सांग, अनारसे खुसखुशीत पायजेत.

तुझा तुझा तुझा,
हनुमान


तलवाडा
२४ मे

अहो,

येऊ नका.

बेरिंगचं वाचून हसू आलं आणि मग जे रडू आलं ते आईला आवरता येईना. तुम्ही चांगले आहात. हे मी कुणापुढेही सांगेन, आईंपुढे, कोर्टात गेलं तर तिथेही. म्हणूनच हे लिहायला अवघड आहे.

दुखलं त्याचं औषध सापडलं. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण माझं थंडीचं खोटं वाचून तुम्हाला शंका आली तेव्हा तुमच्यासमोर विचारायला माणसं होती, मी, विजयसिंह आणि आसाराम भाऊजी. मला तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलं. माझ्या अंगाबद्दल.

मीही बोलले नाही, ती माझी चूक. मी गप्प राहिले ती तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही मात्र बोललात, आणि ते मला सोडून बाकी सगळ्यांशी. या दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे मी रात्रंदिवस तोलून बघितलं.

तुम्ही आलात तर अण्णा पाय धुतील, आई ओवाळेल. मग मी परत पाटोद्याला यायचं, त्याच हापशावर घागर लावायची. तुम्ही पाळण्याबरोबर जाल. तुम्हाला निघून जायला चांगलं येतं, तुम्हीच लिहिलं होतं. मागं मी आणि ते नाव. आणि पुढच्या वेळी तुम्ही जवळ आलात की मला आठवेल, उद्या हे कुणाला कळणार? माझं अंग आता सुईशिवायच लाकूड होईल. त्याला कुठल्या दुकानात जेली मिळत नाही.

या आठवड्यात सुईची तारीख होती. इथल्या आशाताई बोलवायला आल्या होत्या. मी गेले नाही. आता कशाला?

मोहिनी


पुरुषोत्तमपुरी
१६ जून

मोहिनी,

तू येऊ नको म्हणलीस तरी मी काल आलतो. अमावस्या, अधिकाचा शेवटचा दिस. फाट्यावरच्या हाटेलात बसलो. त्याच्याफुडं पाय उचलंना. खरं सांगतो, गावात यायला न्हाई, मागं जायालाच बसलोतो, पण तेबी जमंना.

कुणीतरी सांगितलं असंल. मामा आले, तुझे अण्णा, सायकलवर. समोर बसले, दोन चहा सांगितले. चहा संपवला. मग पिशवीतून डबा काढून ठिवला. म्हणले, "धोंडे हायेत. तिची आई म्हणली, पोरीनं जावयाला दारातून नको म्हणलं तर म्हणू दे, पण अधिकात उपाशी नको." मी म्हणलं, "मामा, मोहिनी?" तर म्हणले, "सकाळची पळतीय परत. कॅनॉलच्या कडंनं. मी सायकलवर मागं असतो, घड्याळ घेऊन. कोण व्हिडिओ काढतो बघतोच." मग उठले. माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणले, "तिला पळू दे, जावाईबापू." मला जावाई म्हणले, मोहिनी. शेवटचं.

डबा हितं आणून खाल्ला. एकट्यानं. गोड हुते.

सांजच्याला पाळण्याची शेवटची फेरी. गर्दी मावंना. एक नवरा-बायको बसले, नवीनच लगीन झालेले, त्यो मोबाईल वर धरून, ती हिरव्या साडीत. जोर धरला तशा बाकीच्या बायका वरडाय लागल्या. विजयसिंह खालून वरडला, "वाढव बे!" मी वर बघितलं. ती वरडत न्हवती. दात खाऊन वर आभाळाकडं बघत हुती.

मी लिव्हर वढला. पाळणा थांबवला. त्यांचा डबा खाली घेतला, दांडी उघडली. विजयसिंहनं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. ती उतरली, खांबाला धरून उभी ऱ्हायली, माझ्याकडं नुसतं बघितलं. नवरा तणतणला, "कावून थांबवला? आमी सांगितलं का? ती वरडली तर न्हाई."

मी म्हणलं, "म्हणूनच."

त्याला कळलं न्हाई. मलाबी कळलं नसतं.

मेडिकलवाल्याची नळी अजून खिशात हाय. फेकवत न्हाई आन् ठिववत न्हाई. उद्या पाळणा खोलून ट्रकात भरायचा, पावसाळाभर विजयसिंहच्या शेडात पडून ऱ्हातो. मी कुठं जाईन ठरलं न्हाई. म्हणून आज खाली पुढचा पत्ता लिहीत न्हाई.

पळ.

हनुमान